आयोडिनचा थेंब आणि आठाचा हिशेब

हुबळी हे कापसाचं आणि कापडाचं गाव. १६७३ साली अण्णाजी दत्तोंच्या मराठा फौजेने हुबळी लुटली, तेव्हा इंग्रजांच्या वखारीतला मालही त्या लुटीत गेला. या भागातलं कापड इंग्रज इथे विकत घेत आणि घाट उतरून कारवारच्या वखारीत पाठवत. नवी हुबळी वसली ती अठराव्या शतकात, त्यामुळे लुटलेली हुबळी म्हणजे आज सिद्धारूढ मठाच्या बाजूला जिला जुनी हुबळी म्हणतात ती. वखारी गेल्या, कापड राहिलं. शहराच्या दुसऱ्या टोकाला, बेंगेरीत, कर्नाटक खादी ग्रामोद्योग संयुक्त संघाच्या कारखान्यात आजही राष्ट्रध्वज शिवले जातात. त्यासाठीची खादी बागलकोट जिल्ह्यात हातमागावर विणली जाते.

सुती कापड विणायचं तर ताण्याच्या सुताला आधी खळ द्यावी लागते, नाहीतर मागावर घासून ते पटापट तुटतं. खळ म्हणजे पिठाची पेज, म्हणजेच स्टार्च. विणून झालं की हीच खळ अडचण करू लागते. ती पूर्ण धुतली गेली नाही तर रंग सारखा बसत नाही आणि कापडावर चट्टे उठतात. मग खळ निघाली की नाही हे कसं ओळखायचं? कापड रंगवण्याआधी त्यावर आयोडिनच्या द्रावणाचा एक थेंब टाकतात. कापड स्वच्छ असेल तर पिवळट तपकिरी डाग पडतो. खळ उरली असेल तर थेंब कापडात जिरतो न जिरतो तोच कडेपासून निळा होत जातो आणि पाहता पाहता जवळजवळ काळा पडतो. हा प्रयोग घरीही करता येतो. भाताची पेज घ्या, नाहीतर इस्त्रीला दिलेलं कडक धोतर. औषधाच्या दुकानात जखमेवर लावायचं टिंक्चर आयोडिन मिळतंच. धोतराच्या मालकाला आधी विचारा, एवढंच.

ही निळाई १८१४ सालापासून माहीत आहे. आयोडिन सापडल्याला तेव्हा तीनच वर्षं झाली होती. पण आपलं लक्ष निळ्या रंगाकडे नाही, बाटलीतल्या द्रावणाकडे आहे. नुसतं आयोडिन पाण्यात जवळपास विरघळतच नाही. लिटरभर पाण्यात एक तृतीयांश ग्रॅमसुद्धा मावत नाही. बाकीचे काळपट चकचकीत कण तळाशी पडून राहतात. त्यात थोडं पोटॅशियम आयोडाइड टाकलं की तेच कण भराभर विरघळतात आणि पाणी गडद तपकिरी होतं. पॅरिसच्या लुगोल नावाच्या डॉक्टरने १८२९ मध्ये हे द्रावण औषध म्हणून वापरलं, आणि प्रयोगशाळांत आजही ते त्याच्याच नावाने ओळखलं जातं. पोटॅशियम आयोडाइडने नेमकं केलं काय? आयोडिनच्या दोन अणूंच्या जोडीला त्याने आयोडिनचाच तिसरा, ऋणभारित अणू चिकटवला. एका रेषेत बसलेले तीन अणू, सगळ्यांवर मिळून एक ऋणभार. याला ट्रायआयोडाइड म्हणतात. भाताच्या पेजेतल्या स्टार्चच्या लांब रेणूंचे मळसूत्री वेटोळे असतात. ट्रायआयोडाइड आणि त्याच्याहून लांब अशा आयोडिनच्या साखळ्या त्या वेटोळ्यांच्या पोकळीत शिरतात आणि निळा रंग दिसतो.

आता या तीन अणूंपैकी मधल्या अणूचे इलेक्ट्रॉन मोजू. गोंधळ तिथेच आहे.

आयोडिनच्या सर्वांत बाहेरच्या कवचात सात इलेक्ट्रॉन असतात. दोन अणू एकमेकांना एकेक इलेक्ट्रॉन सामाईक देतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला आठ येतात. आयोडाइड आयनाकडे एक इलेक्ट्रॉन जास्तीचा असतो, त्यामुळे त्याचे आठ आधीच पुरे झालेले असतात. तिघेही तृप्त. तरी ते जोडले जातात. मधल्या अणूकडे दोन बंधांचे मिळून चार इलेक्ट्रॉन आणि स्वतःच्या तीन मुक्त जोड्यांचे सहा, एकूण दहा. शाळेत घोकलेला नियम सांगतो की आठाच्या वर जायचं नाही.

तो नियम अष्टकाचा. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या गिल्बर्ट लुईस यांनी १९१६ साली एका निबंधात इलेक्ट्रॉनच्या जोडीने बंध तयार होतो ही कल्पना मांडली, आणि बहुतेक संयुगांत अणूभोवती आठ इलेक्ट्रॉन जमतात हेही त्यातच दाखवलं. निऑन, अरगॉन या निष्क्रिय वायूंच्या बाहेरच्या कवचात आठ असतात आणि ते कुणाशी फारसं बोलत नाहीत; तेव्हा आठ म्हणजे स्थैर्य, असा हा तर्क. तीन वर्षांनी जनरल इलेक्ट्रिक कंपनीतल्या अर्व्हिंग लँगम्यूर यांनी ही कल्पना उचलली, तिला ‘ऑक्टेट’ हे नाव दिलं आणि ठिकठिकाणी भाषणं करून तिचा प्रसार केला. लुईस स्वतः मात्र सावध होते. १९२३ च्या पुस्तकात त्यांनी जोडीचा नियम आठाच्या नियमाहून मूलभूत ठरवला, कारण आठात न बसणारी उदाहरणं त्यांना ठाऊक होती. आपल्याकडे मुलांच्या डोक्यात बसतो तो लँगम्यूरचा ठाम नियम. लुईस यांची सावधगिरी वाटेतच गळून पडते.

कार्बन, नायट्रोजन, ऑक्सिजन, फ्लुओरीन या चौघांपुरता हा नियम जवळजवळ अढळ आहे. आपलं शरीर, अन्न, कापड, औषधं ही बहुतांशी या चौघांची आणि हायड्रोजनची, त्यामुळे नियमाची पत वाढली यात नवल नाही. पण आवर्तसारणीत एक ओळ खाली उतरलं की फॉस्फरस, सल्फर, क्लोरीन येतात, आणखी खाली आयोडिन आणि झेनॉन. तिथे पाच क्लोरीन घेतलेला फॉस्फरस सापडतो, सहा फ्लुओरीन घेतलेला सल्फर सापडतो. यांना ‘विस्तारित अष्टक’ असलेली संयुगं म्हणतात. कर्नाटकातल्या पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, मुलांना एनसीईआरटीचं पुस्तक असतं. त्यात अकरावीच्या रासायनिक बंधांच्या प्रकरणात फॉस्फरस पेंटाफ्लुओराइड, सल्फर हेक्झाफ्लुओराइड आणि सल्फ्युरिक आम्ल अशी तीन उदाहरणं शेजारी शेजारी दिली आहेत. पहिली दोन एका जातीची आहेत. तिसऱ्याचं प्रकरण वेगळं आहे. त्याच्याकडे नंतर येऊ.

हे जास्तीचे इलेक्ट्रॉन बसतात कुठे? पुस्तकी उत्तर असं की दुसऱ्या ओळीतल्या अणूंच्या बाहेरच्या कवचात एक एस आणि तीन पी अशा चारच कक्षिका असतात, त्यात दोन-दोन करून आठच मावतात. तिसऱ्या ओळीपासून पुढे त्याच कवचात पाच रिकाम्या डी कक्षिकाही असतात, आणि अणू त्या वापरतो. लायनस पॉलिंग यांनी १९३१ मध्ये कक्षिकांच्या संकरणाची जी मांडणी केली, तिच्यातून हे उत्तर पाठ्यपुस्तकांत पोचलं. एस, तीन पी आणि दोन डी यांचा संकर केला की सहा दिशांना सहा हात मिळतात आणि सल्फरचे सहा फ्लुओरीन नेमके बसतात. चित्र इतकं देखणं जमतं की त्यावर शंका घ्यावीशी वाटत नाही.

पण ते चित्र बहुतांशी चुकीचं आहे. सल्फरच्या रिकाम्या डी कक्षिका ऊर्जेने फार वर असतात आणि आकाराने ऐसपैस पसरलेल्या असतात. एस आणि पी कक्षिकांशी त्यांचं नीट जमत नाही. संगणकावर अशा रेणूंची तपशीलवार गणितं होऊ लागली तेव्हा, विशेषतः १९८० च्या दशकात, डी कक्षिकांचा वाटा अगदी किरकोळ निघाला. गणित अचूक यावं म्हणून त्या घ्याव्या लागतात हे खरं, पण सहा बंधांचा भार त्या पेलत नाहीत. परीक्षेत संकरण विचारलं तर पुस्तकातलंच लिहावं, गुण तिथेच आहेत. पण मुलांना हे पटवून देताना शिक्षकांनी निदान एक ओळ जास्त सांगावी असं मला वाटतं.

खरं उत्तर त्या आयोडिनच्या बाटलीतच होतं, आणि तेही १९५१ पासून. त्या वर्षी अमेरिकेत दोघांनी स्वतंत्रपणे ते मांडलं: बर्कलीच्या जॉर्ज पिमेंटेल यांनी आणि आयोवातल्या रॉबर्ट रंडल यांनी. दोघांचाही विषय ट्रायआयोडाइड आणि त्याचे भाऊबंद हाच होता. लुईस ज्या विद्यापीठात शिकवत होते, तिथूनच त्यांच्या नियमाला लागलेली ही पुरवणी आली.

ती अशी. तीन अणू एका रेषेत आहेत, आणि प्रत्येकाची एकेक पी कक्षिका त्या रेषेत आहे. या तीन कक्षिका मिसळून तीन नव्या सामाईक कक्षिका बनतात: एक तिघांना बांधणारी, एक तटस्थ, एक फोडणारी. भरायला इलेक्ट्रॉन चार आहेत. दोन बांधणाऱ्या कक्षिकेत जातात, दोन तटस्थ कक्षिकेत, आणि फोडणारी रिकामीच राहते. तटस्थ कक्षिकेची गंमत म्हणजे ती मधल्या अणूवर जवळजवळ नसतेच. तिच्यातले दोन इलेक्ट्रॉन दोन टोकांच्या अणूंवर राहतात. म्हणजे बांधण्याचं काम एकच जोडी करते, पण ती दोन बंधांत वाटली जाते. प्रत्येक बंध अर्धा. जत्रेच्या दिवसांत हुबळी–धारवाड बसमध्ये दोघांच्या बाकावर तिघे बसतात तसं हे. जागा सगळ्यांना मिळते, पण ऐसपैस कुणालाच नाही.

अर्धा बंध खरंच अर्धा आहे का, हे फूटपट्टीने मोजता येतं. आयोडिनच्या साध्या जोडीत दोन अणूंमधलं अंतर २६७ पिकोमीटर असतं. ट्रायआयोडाइडमध्ये प्रत्येक बाजूला ते सुमारे २९२ पिकोमीटर होतं. बंध लांबला म्हणजे ढिला झाला. मधला आयोडिन दहा इलेक्ट्रॉन बाळगतो हे आपण ठिपके मांडून काढलेल्या चित्रात दिसतं. प्रत्यक्षात त्यातले दोन टोकांकडे गेलेले असतात. हिशेब पुन्हा मांडला तर मधल्या अणूभोवती आठच उरतात.

याचाच धागा सल्फर हेक्झाफ्लुओराइडला लावून पाहा. सहा बंधांचे बारा इलेक्ट्रॉन. सल्फरची एक एस आणि तीन पी कक्षिका सहाही फ्लुओरीनशी मिळून चार बांधणाऱ्या कक्षिका तयार करतात. त्यांत आठ इलेक्ट्रॉन बसतात. उरलेल्या दोन कक्षिका अशा आकाराच्या असतात की सल्फरच्या एस किंवा पी कक्षिकेशी त्यांचं जुळतच नाही. त्यांतले चार इलेक्ट्रॉन फ्लुओरीनकडेच राहतात. सहा बंधांना मिळून चार जोड्या, म्हणजे प्रत्येक बंध दोन तृतीयांश. सल्फरने अष्टक मोडलं असं म्हणण्यापेक्षा शेजाऱ्यांनी जास्तीचे इलेक्ट्रॉन सांभाळले असं म्हणणं वस्तुस्थितीला धरून होईल.

मग शेजारी कोण हे महत्त्वाचं ठरतं. जास्तीचे इलेक्ट्रॉन आनंदाने सांभाळील असा शेजारी हवा, म्हणजे इलेक्ट्रॉनची हाव असलेला: फ्लुओरीन, ऑक्सिजन, थोड्या प्रमाणात क्लोरीन. सहा फ्लुओरीन घेणारा सल्फर सहा हायड्रोजन मात्र कधीच घेत नाही. तिथे तो हायड्रोजन सल्फाइडवर, म्हणजे सडक्या अंड्याच्या वासाच्या वायूवर थांबतो. डी कक्षिका रिकाम्या आहेत म्हणून बंध होतात असं असतं, तर हायड्रोजनला कोण अडवणार होतं?

दुसरी अट जागेची. नायट्रोजन आणि फॉस्फरस आवर्तसारणीच्या एकाच उभ्या स्तंभातले भाऊ, दोघांच्याही बाहेरच्या कवचात पाच इलेक्ट्रॉन. फॉस्फरस पाच फ्लुओरीन घेतो; नायट्रोजन तीनवर अडतो. पाच फ्लुओरीनचा नायट्रोजन आजवर कुणालाही बाटलीत भरता आलेला नाही. नायट्रोजनची सहसंयुज त्रिज्या सुमारे ७१ पिकोमीटर, फॉस्फरसची सुमारे १०७. नायट्रोजनभोवती पाच फ्लुओरीन बसवायचे तर ते एकमेकांवर आदळू लागतात. फॉस्फरसलाही जागा पुरून उरते असं नाही. फॉस्फरस पेंटाक्लोराइड वायुरूपात असतो तेव्हा पाच क्लोरीन बाळगतो, पण घट्ट स्फटिक झाला की दोन रेणू आपसात देवाणघेवाण करतात: एकाकडे चार क्लोरीन आणि धनभार, दुसऱ्याकडे सहा क्लोरीन आणि ऋणभार. वायूतही पाचही क्लोरीन सारखे नसतात. तीन एका पातळीत जवळ, सुमारे २०२ पिकोमीटरवर. वरचा आणि खालचा सुमारे २१४ वर. वरचा क्लोरीन, मधला फॉस्फरस आणि खालचा क्लोरीन मिळून जे सरळ रेषेतलं त्रिकूट बनतं, तिथे तेच आयोडिनसारखं अर्धेपण आहे.

आता ते तिसरं उदाहरण, सल्फ्युरिक आम्ल. बॅटरीच्या दुकानात ज्याला नुसतं ‘ॲसिड’ म्हणतात तेच. इन्व्हर्टरच्या आणि ट्रकच्या बॅटरीत ते पाण्यात मिसळून भरलेलं असतं. पुस्तकात त्याचं चित्र असं असतं: सल्फरला दोन ऑक्सिजन दुहेरी बंधांनी आणि दोन एकेरी बंधांनी जोडलेले, म्हणजे सल्फरभोवती बारा. पण तेच चित्र चारही ऑक्सिजन एकेरी बंधांनी जोडून, सल्फरवर धनभार आणि ऑक्सिजनवर ऋणभार दाखवूनही काढता येतं; मग सल्फरकडे बरोबर आठ राहतात. यातलं कुठलं खरं? डेन्मार्कमधल्या आरहूस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१२ साली पोटॅशियम सल्फेटच्या स्फटिकावर क्ष-किरण टाकून इलेक्ट्रॉनांची घनता कुठे किती आहे हे अतिशय बारकाईने मोजलं. निघालं ते दुसऱ्या चित्राच्या बाजूचं: सल्फर–ऑक्सिजन बंध खूप ध्रुवीय, दुहेरीपणा फारसा नाही. म्हणजे बॅटरीतलं ॲसिड अष्टक ओलांडतं ते फक्त कागदावर. रोजच्या मिठातलंही तसंच. भारतात आयोडिनयुक्त मिठात पोटॅशियम आयोडेट घालतात, कारण आयोडाइड दमट हवेत टिकत नाही. घरी पोचेपर्यंत मिठात दशलक्ष भागांमागे किमान पंधरा भाग आयोडिन असावं असा नियम आहे. आयोडेटमधल्या आयोडिनभोवतीही चित्रात बारा इलेक्ट्रॉन काढता येतात, आणि तेही वेगळ्या रेघा ओढून आठावर आणता येतात.

सल्फर हेक्झाफ्लुओराइड मात्र कागदावरचं प्रकरण नाही. त्याच्या सल्फरला खरेच सहा शेजारी आहेत, आणि त्याची किती गरज लागते हे वीजखात्यातल्या माणसांना विचारावं. हेस्कॉम या वीज कंपनीचं मुख्य कार्यालय हुबळीतच आहे. घरापर्यंत येणारी वीज त्यांची, पण तिच्या वरच्या, ११० आणि २२० किलोव्होल्टच्या उपकेंद्रांत चिनीमातीच्या उंच खांबांवर जे ब्रेकर दिसतात, त्यांच्या पोटात हाच वायू भरलेला असतो. अभियंते त्याला ‘एसएफ सिक्स’ म्हणतात. भारतात असे ब्रेकर नाशिकमध्येही बनतात. हा वायू पहिल्यांदा पॅरिसमध्ये आंरी म्वासाँ आणि पॉल लेबो यांनी विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी तयार केला. फ्लुओरीन हा भयंकर वायू १८८६ मध्ये प्रथम वेगळा काढणारे म्वासाँ तेच. सल्फरवर फ्लुओरीन सोडल्यावर त्यांच्या हाती जो वायू आला तो इतका शांत निघाला की वास नाही, रंग नाही, पाण्याशी प्रतिक्रिया नाही. हवेपेक्षा पाचपट जड, आणि वीज अडवण्यात हवेपेक्षा अडीच ते तीनपट सरस.

इथे अष्टकाची एक गल्लत उघडी पडते. आठ म्हणजे स्थैर्य आणि आठापलीकडे अस्थैर्य, असं मनात बसलेलं असतं. पण सल्फर हेक्झाफ्लुओराइड हा ज्ञात पदार्थांपैकी सर्वांत निरुद्योगी पदार्थांत मोडतो. त्याचा धाकटा भाऊ सल्फर टेट्राफ्लुओराइड, ज्याला चारच फ्लुओरीन आहेत, तो मात्र दमट हवेचा स्पर्श होताच हायड्रोजन फ्लुओराइडचे वाफारे सोडतो. रसायनाच्या हिशेबाने पाण्याशी प्रतिक्रिया होणं हेक्झाफ्लुओराइडलाही फायद्याचंच आहे. ती होत नाही कारण सहा फ्लुओरीनच्या आवरणातून पाण्याच्या रेणूला सल्फरपर्यंत पोचायला वाट मिळत नाही.

ब्रेकर उघडतो तेव्हा दोन संपर्कांमध्ये ठिणगीची कमान पेटते. एसएफ सिक्स त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन गिळतो आणि कमान विझवतो. कमानीच्या उष्णतेत त्याचे काही रेणू फुटतात, पण थंड होताच बहुतेक पुन्हा जुळतात. त्यात ओलावा शिरला असेल तर मात्र विषारी, आम्लधर्मी संयुगं तयार होतात, म्हणून जुना ब्रेकर उघडताना कर्मचाऱ्यांना मास्क आणि हातमोजे सक्तीचे असतात. या वायूचा दुसरा दोष त्याच्या गुणातूनच आला आहे. हवेत निसटला की तो शेकडो, कदाचित हजारो वर्षं टिकतो, आणि शंभर वर्षांच्या मापाने कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २४ हजार पट उष्णता अडवतो. युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून २४ किलोव्होल्टपर्यंतच्या नव्या स्विचगिअरमध्ये त्याला बंदी घातली आहे. तेवढ्या दाबाला निर्वात ब्रेकर चालतात. २२० किलोव्होल्टला पर्याय शोधणं अजून खर्चाचं काम आहे.

अष्टकाला सर्वांत मोठा धक्का मात्र १९६२ साली बसला, आणि तो आठ पूर्ण असलेल्यांकडूनच. नील बार्टलेट कॅनडात व्हँकुव्हरला शिकवत होते. प्लॅटिनम हेक्झाफ्लुओराइड हा लालबुंद वायू ऑक्सिजनचाही इलेक्ट्रॉन काढून घेतो, हे त्यांच्या हाती लागलं होतं. ऑक्सिजनच्या रेणूतून इलेक्ट्रॉन काढायला जवळजवळ जितकी ऊर्जा लागते तितकीच झेनॉनमधून काढायलाही लागते, हे त्यांनी तक्त्यात पाहिलं आणि २३ मार्च १९६२ ला दोन वायू एकमेकांत सोडले. काचेच्या भांड्यात पिवळट नारिंगी घन पदार्थ जमला. निष्क्रिय म्हणून ज्याच्यावरून आठाचा नियम रचला, त्यानेच संयुग केलं होतं. त्याच वर्षात झेनॉन टेट्राफ्लुओराइड आणि झेनॉन डायफ्लुओराइड तयार झाले. डायफ्लुओराइडचे बाहेरचे इलेक्ट्रॉन मोजा: झेनॉनचे आठ, दोन फ्लुओरीनचे चौदा, एकूण बावीस. ट्रायआयोडाइडचे मोजा: तीन आयोडिनचे एकवीस आणि ऋणभाराचा एक, बावीस. दोन्ही तीन अणूंचे, दोन्ही सरळ रेषेतले, दोन्हींत तोच अर्धा-अर्धा बंध. बार्टलेट यांनी केलेलं धाडस निर्विवाद मोठं. पण त्या प्रकारचा बंध कापडाच्या धंद्यातल्या बाटलीत तेव्हा शंभराहून जास्त वर्षं बसून होता.

१९६९ मध्ये जेरेमी मशर यांनी अशा अणूंना एक सामाईक नाव दिलं. मराठीत त्यांना अतिसंयुजी म्हणता येईल. यांतला औषधनिर्मितीत सर्वांत उपयोगी पडलेला गडी पुन्हा आयोडिनच. बेंझीनच्या कड्याला जोडलेला आणि ऑक्सिजनने घेरलेला आयोडिन जास्तीचे शेजारी घेऊन उभा असतो, पण त्याचे बंध अर्धे, म्हणून ते सोडून नेहमीच्या आठावर परतायची त्याला घाई असते. परतताना तो समोरच्या रेणूतले दोन इलेक्ट्रॉन काढून घेतो. रसायनाच्या भाषेत त्याचं ऑक्सिडीकरण करतो, तेही बेतात. यातला आयोडॉक्सीबेंझॉइक आम्ल हा पदार्थ १८९३ सालापासून माहीत होता, पण तो नेहमीच्या द्रावकांत विरघळत नसे आणि तापवला तर फुटे. म्हणून शतकभर तो पडून राहिला. १९८३ मध्ये डेस आणि मार्टिन यांनी त्याचा विरघळणारा अवतार काढला आणि १९९० च्या दशकात जगभरातल्या प्रयोगशाळांत या रसायनाला मागणी आली.

मुंबईत १९३३ साली सुरू झालेल्या आणि आता माटुंग्याला असलेल्या यूडीसीटीत, म्हणजे आजच्या आयसीटीत, कृष्णाचार्य आकमंची यांच्या गटाने यावर बरंच काम केलं. २००३ साली या गटाने अमेरिकेतल्या सेंद्रिय रसायनशास्त्राच्या एका प्रतिष्ठित नियतकालिकात आयोडॉक्सीबेंझॉइक आम्ल वापरून सल्फाइडचं सल्फॉक्साइड करण्याची रीत प्रसिद्ध केली. टेट्राइथिल अमोनियम ब्रोमाइड या क्षाराची थोडी मात्रा उत्प्रेरक म्हणून घातली की काम सौम्यपणे होतं आणि नेमकं सल्फॉक्साइडवर थांबतं; आणखी एक ऑक्सिजन चढून सल्फोन होत नाही. या थांबण्याला व्यवहारात किंमत आहे. पित्तावर घेतात ती ओमेप्राझोलची गोळी म्हणजे सल्फॉक्साइडच. तिच्यात सल्फाइडवर नेमका एक ऑक्सिजन लागतो. दोन चढले तर ते वेगळंच संयुग होतं. चित्रात या सल्फॉक्साइडच्या सल्फरभोवती दहा इलेक्ट्रॉन दाखवतात, पण तेही बॅटरीतल्या ॲसिडसारखंच, वेगळ्या रेघा ओढल्या की आठ.

प्रतिक्रिया संपली की भांड्यात उरतो एक ऑक्सिजन गमावलेला आयोडोसोबेंझॉइक आम्ल हा पदार्थ. तो टाकून द्यावा लागत नाही. धुऊन, गाळून, ऑक्सोन नावाच्या क्षाराबरोबर पाण्यात सत्तरेक अंशांवर काही तास ढवळला, की आयोडॉक्सीबेंझॉइक आम्लाचे पांढरे कण पुन्हा खाली बसू लागतात.